डोक्यातली हर्रास

"कांदा आना रे! कोनी तरी कांदा आना! भाऊ पडना रे, भाऊ पडना!"

असं बोंबलणारा माणूस उभा कुठे होता? धुळ्याच्या कांदा बाजारात. डाव्या हाताला कांद्याचे साठ ट्रॅक्टर, उजव्या हाताला ऐंशी, आणि मागे ढीग असे, की त्यांच्यापुढे लळिंगचा किल्ला म्हणजे आमच्या घराचा उंबरा. आणि हा गडी कांद्यासाठी गळा फाडतोय! बरं, फाडला तर फाडला. त्याची हाक ऐकून एक हमाल पळाला तो थेट बाजाराबाहेर, शेवभाजीच्या हॉटेलात, आणि बशीतून चिरलेला कांदा घेऊन आला. वर लिंबाची फोड.

पडलेला भाऊ म्हणजे मी.

मला यातलं काही आठवत नाही. शुद्धच नव्हती, आठवणार काय? हे सगळं मला नंतर अकरा जणांनी अकरा तऱ्हांनी सांगितलं, आणि त्या अकरांतून सगळ्यांत कमी खोटं तेवढं मी उचललंय. माझ्या नाकाला चपला किती लावल्या यावर मात्र अजून एकमत नाही. कोणी चार म्हणतं, कोणी चौदा. मी चौदा धरतो. चार चपलांत शुद्धीवर येणारा माणूस मी नव्हे. मुठीत आमच्या अडतीच्या शेठजींच्या गोदामाच्या किल्ल्यांचा जुडगा कोंबला होता. दातखीळ उघडायला कोणीतरी चमचा घातला आणि माझ्या पुढच्या दाताचा टवका उडवला. आजही बोलताना 'स'ला शिट्टी वाजते ती त्या चमच्याची.

पडलो तेव्हा तोंडात 'एकवार' होता. डोळे उघडले आणि पहिला शब्द बाहेर आला तो 'दोनवार'. अख्खा बाजार हसला. बाजार आहे, हसणारच.

आता हे का हसले, ते कळायला माझं काम सांगायला हवं. मी पुकारतो. कांद्याची हर्रास असते, म्हणजे लिलाव. ट्रॉलीभोवती व्यापारी जमतात आणि बोली वाढवत नेतात. मी ट्रॉलीवर उभा राहून सगळ्यांत वरची बोली पकडतो, चारी दिशांना फेकतो, आणि कोणी पुढे जाईना झालं की म्हणतो, "एकवार… दोनवार… तीनवार!" तीनवार झाला की माल गेला. मग ब्रह्मदेव आला आणि म्हणाला, माझे पाच रुपये जास्त, तरी त्याला पुढच्या ट्रॉलीला उभं करतात. सव्वीस वर्षं मी हे करतोय. माझ्या तीनवारला लळिंगवरची कबुतरं उडायची. हे खोटं असेल तर माझी जीभ झडो. बघा, नाही झडली.

तर असा मी, बावन्नाव्या वर्षी, भर बाजारात पडलो. मिरगी. फिट. आकडी. ज्याला जे नाव सुचलं ते त्यानं दिलं, आणि ज्याला जो उपाय सुचला तो त्यानं केला. पण माझा सवाल साधा आहे. सव्वीस वर्षं मी कांद्यात उभा आहे. माझ्या रुमालाला कांद्याचा वास, माझ्या घामाला कांद्याचा वास. माझ्या सासूबाई मला बघूनच डोळे पुसायला लागतात. कांदा हुंगून मिरगी जात असेल, तर माझी सात पिढ्यांची आगाऊ जायला हवी होती की नको? हे मी तिथेच, जमिनीवर पडल्या पडल्या विचारलं. उत्तर म्हणून त्यांनी कांद्याची दुसरी बशी आणली.

मग आले सल्ले. शेजारीण म्हणाली, बाहेरचं आहे. एक जण म्हणाला, सातपुड्यात एक भगत आहे, कोंबडा घेऊन जा. कोंबड्याचा काय दोष, त्याला कुठे फिट आली होती? मुक्ताईनगरला जा म्हणाले, तिथे मात्र गेलो. मुक्ताईपुढे बसलो, मन शांत झालं. डोकं झालं नाही. घरी येऊन चौथ्या दिवशी दाढी करताना पुन्हा पडलो.

मग जळगावहून अक्काचा फोन आला. माझी मोठी बहीण मेहरूणला राहते आणि तिच्यापुढे मी तोंड उघडत नाही. जगात असं एकच माणूस आहे. अक्का म्हणाली, "बस पकड. बठ्ठा भगत बंद. डॉक्टरना नंबर लायेल शे." सगळेच भगत बंद म्हटल्यावर मी बायकोला घेतलं आणि पारोळा, एरंडोल करत जळगावला पोचलो.

डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. माझ्या डोक्याला चिकट मलम लावून त्यांनी इतक्या वायरी डकवल्या, की गणपतीच्या मांडवालाही तेवढी रोषणाई नसते. डोळे मिटा म्हणाल्या, मिटले. जोरजोरात श्वास घ्या म्हणाल्या, घेतला. डोळ्यांपुढे दिवा उघडझाप केला. आणि यंत्रावर माझं डोकं रेषा-रेषांनी उमटायला लागलं. मी आयुष्यात पहिल्यांदा माझं डोकं बाहेरून बघत होतो. बाई म्हणाल्या, "बघा, या सगळ्या रेषा आपापल्या चालीनं चालल्या आहेत. हे चांगलं. इथे बघा, मध्येच सगळ्या एकदम, एका तालात उसळल्या. हे वाईट."

मी म्हणालो, "एका तालात वाईट कसं? आमच्या बाजारात सगळे एका तालात आले तर आम्ही पेढे वाटू."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं. मेंदूत दोन जातीच्या पेशी. एक म्हणते 'चल', दुसरी म्हणते 'थांब'. 'चल'वाल्या जास्त, साधारण पाचांत चार. 'थांब'वाली एक. पण ती एकटी त्या चौघींना पुरून उरते. दोघींचा तोल आहे तोवर माणूस चालतो, बोलतो, चहाचा कप न सांडता ओठाला लावतो. 'थांब' कमी पडली, की 'चल'वाल्या एकमेकींना चेतवत सुटतात आणि सगळ्या एकदम ओरडतात. तोच झटका.

मी खुर्चीत ताठ झालो. "म्हणजे बाई, डोक्यात हर्रास चालू आहे, व्यापारी बेंबीच्या देठापासून बोली लावतायत, आणि तीनवार म्हणणारा चहाला गेलाय!"

बाईंनी पहिल्यांदाच यंत्रावरून मान वर केली. "असं म्हणायला हरकत नाही."

हरकत नाही? अहो, माझ्या डोक्यात वीज पडली, आणि या वेळी झटक्याची नव्हे. सव्वीस वर्षं मी समजत होतो की बाजारातला सगळ्यांत मोठा आरडाओरडा म्हणजे मी. धुळ्यातला प्रत्येक माणूस हेच समजत होता. आणि खरं काय? ओरडणारे ते चौघे. मी तो पाचवा. माझं काम थांबवायचं होतं, फक्त ते मी ओरडून करत होतो!

मी हे बायकोला सांगायला वळलो, तर ती डॉक्टरांना विचारत होती, "आणि हे जे येता-जाता खोटं बोलतात, तेही त्याच आजारातलं का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "ते मूळचं दिसतंय. त्याला गोळी नाही."

गोळ्या सुरू झाल्या. सकाळी एक, संध्याकाळी दोन. गोळी 'थांब'वालीच्या बाजूनं उभी राहते, असं बाईंनी सांगितलं होतं. पण माझ्या डोक्यात ती अशी उभी राहिली, की दुसरं कोणी उभंच राहीना. झटके गेले. त्यांच्याबरोबर बाकीचंही गेलं. जिभेवर कोणीतरी ओलं पोतं टाकल्यासारखं झालं. शब्द यायचा, पण पायरी पायरीनं, काठी टेकत. डॉक्टर म्हणाल्या होत्या, काही वाटलं तर लगेच सांगा. मला वाटलं, पुरुषासारख्या पुरुषानं गोळीची तक्रार काय करायची? हा पहिला मूर्खपणा. मोजत राहा, अजून आहेत.

बाजारात परतलो त्या दिवशी पहिली ट्रॉली कापडणे गावच्या एका बाईची होती. साठीची, नवऱ्यामागे एकटीनं शेती करणारी, डोक्यावरचा पदर कानांमागे खोचून ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसलेली. पहिल्या व्यापाऱ्यानं पहिली बोली टाकली. ती नेहमी टाकायची म्हणून टाकतात, तिला कोणी बोली म्हणत नाही. आणि मी, धुळ्याचा पुकाऱ्या, त्या पहिल्याच बोलीला म्हणालो, "एकवार दोनवार तीनवार." एका दमात. झोपेत म्हणावं तसं.

ती बाई मडगार्डवरून उतरली. "बोली लागनीच नही तं तीनवार कसा व्हयना?" आणि तिनं मला जे काही सुनावलं, त्यातलं छापण्याजोगं एवढंच.

आमचे शेठजी धावत आले. हे माझे अडत्ये. यांच्याच गाळ्यावर मी पुकारतो. यांचे आजोबा मारवाडातून आले, पण शेठजी अहिराणी अशी बोलतात, की आमची म्हातारी माणसं अडलेला शब्द त्यांना विचारतात. त्यांनी हात जोडले, हर्रास रद्द केली, दुसऱ्याला पुकारायला लावलं. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "भाऊ, तू आते गेटवर बस. ट्रॅक्टर येतीन, रांगमा लाव. बठ्ठं निवांत काम शे."

निवांत! मला! जत्रेतल्या पाळण्याला कपडे वाळत घालायला लावा, तसलं हे काम. पण गोळीची करामत बघा, मला रागसुद्धा आला नाही. मी गेलो आणि गेटवर बसलो.

बाजाराला मी तसाच आवडायला लागलो. येणारा-जाणारा म्हणायचा, भाऊ किती शांत झाले, भाऊंचा चेहरा किती सोज्वळ झाला. संध्याकाळी आमच्या ओट्यावर माझ्या गप्पांना पंधरा-वीस माणसं बसायची, मी उन्हाळ्यातल्या तापीत मगर पोहताना पाहिली तेव्हापासून. ती एक एक करत उठली. शेवटी ओट्यावर मी आणि एक कुत्रं. आठवड्यानं कुत्रंही समोरच्यांकडे गेलं.

एका दुपारी अक्काकडून परत आलो. बायकोनं विचारलं, "काय पाहिलं जळगावला?"

मी म्हणालो, "मेहरूणच्या तळ्यावर गेलो होतो."

"मग?"

"तळ्यात पाणी होतं."

ती लाटणं हातात धरून थांबली. तिनं वाट पाहिली. पाण्यातून काही निघेल, हत्ती निघेल, निदान माझा पाय घसरेल. काही निघालं नाही. "एवढंच?" ती म्हणाली. मी म्हणालो, एवढंच. तिनं लाटणं खाली ठेवलं आणि पदर डोळ्याला लावला. तीस वर्षं जिनं माझ्या प्रत्येक गोष्टीला "पुरे आता" म्हटलं, ती बाई मी खरं बोललो म्हणून रडत होती.

त्या रडण्यानं माझं डोकं पेटलं. त्या ओल्या पोत्याखालीसुद्धा पेटलं. म्हटलं, मिरगीला मी भीत नाही आणि गोळीचा मी चाकर नाही! दुसऱ्या दिवसापासून गोळ्या बंद. कोणाला न सांगता. हा दुसरा मूर्खपणा, आणि हा पहिल्याच्या बापाचा बाप. अशा गोळ्या एकदम सोडायच्या नसतात. हे मला तेव्हाच माहीत होतं, डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं, म्हणून मला माफी नाही.

सहा दिवस मी राजा होतो. सातव्या दिवशी जीभ अशी मोकळी झाली, की मी गेट सोडून तरातरा गेलो, नवा पुकाऱ्या बोलत असताना ट्रॉलीवर चढलो आणि त्याच्या हातातली हर्रास हिसकावली. मग काय पुकारलं असेल मी! माझा आवाज नशिराबादेत पोचला म्हणतात. धुळ्यातून नशिराबाद, मध्ये अख्खं जळगाव. हे मी म्हणत नाही, लोक म्हणतात. लोकांना मीच सांगितलं, ते वेगळं. 'दोनवार'पर्यंत गेलो आणि तोंडातला शब्द अडकला. दोनवार, दोनवार, दोनवार. पुढे काळं.

या वेळी ट्रॉलीवरून पडलो. हनुवटीला पाच टाके. खांदा निखळला. आणि हो, कांदा आणला. या वेळी तोही त्याच ट्रॉलीतला.

जळगावच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई इतक्या शांतपणे रागावल्या, की मी अक्काच्या मागे लपलो. बायको मात्र पुढे झाली. तिनं टेबलावर दोन्ही हात ठेवले. "बाई, यांची चूक आहे, कबूल. पण तुम्ही एक ऐका. तुमच्या गोळीनं हे खरं बोलायला लागले होते."

"म्हणजे?"

"तळ्यात पाणी होतं म्हणाले."

बाईंना आधी कळेना. मग बायकोनं सगळं सांगितलं. गेट, ओटा, कुत्रं. मी म्हणालो, "बाई, झटका थांबवा, माझं काही म्हणणं नाही. पण मला थांबवू नका. चौघी गप्प केल्या तर पाचवीनं थांबवायचं कोणाला? बोली लागू द्या, मग तीनवार म्हणा. आमच्या धंद्यात बोलीआधीच्या तीनवारला रद्द म्हणतात."

बाईंनी माझे कागद पुन्हा पुढे ओढले. मग म्हणाल्या, "हे तुम्ही पहिल्या महिन्यात येऊन सांगायचं होतं. तोल साधायचा म्हणजे दोन्ही बाजू बघायच्या. तुम्ही एकच बाजू सांगितलीत, झटके गेले." त्यांनी सोडलेली गोळी पुन्हा सुरू करून हळूहळू कमी करायला लिहून दिली, दुसरी, नवी, हळूहळू वाढवायला. वेळ लागेल म्हणाल्या. एकही चुकवायची नाही. जागरण नाही. मोटारसायकल नाही. आणि उंचावर उभं राहायचं नाही. "ट्रॉलीवर तर नाहीच."

वेळ लागला. एकदा पुरळ उठलं, एकदा झोपेत जीभ चावली. पण एका सकाळी मी बायकोला सांगितलं, की आपल्या कढीपत्त्याच्या झाडावर काल मोर बसला होता आणि त्यानं मला वाकून नमस्कार केला. ती भाकरी थापत होती. "पुरे आता," ती म्हणाली. मी ओळखलं, तोल जमला.

आता राहिला बाजार. मी शेठजींपुढे उभा राहिलो. "मी पुकारणार."

"भाऊ, लोके काय म्हनतीन? मिरगीवाला पुकारस म्हनतीन."

"म्हणू द्या. मी स्वतःच म्हणतो. तेच पुकारून सुरुवात करतो."

शेठजी नाही म्हणेपर्यंत मी यार्डात पोचलो होतो. ट्रॉलीवर नाही, जमिनीवर. माझ्या मागे आबा, आमच्या गाळ्याचे सगळ्यांत जुने हमाल. त्यांच्याशी ठरलं होतं: त्यांचा हात माझ्या पाठीवर, आणि माझा एखादा शब्द अडकून फिरायला लागला, की त्यांनी मला खाली बसवायचं. डोक्याच्या आत एक थांबवणारा गोळीचा, बाहेर एक थांबवणारा आबा.

मी आवाज लावला. "पहिला माल! एक मिरगीवाला, वय बावन्न! खोट एकच, कधीमधी पडतो! गुण एकच, पडला की उठतो! नीट ऐका, दुसऱ्यांदा पुकारणार नाही. मी पडलो तर काय करायचं? कांदा?"

बशी आणणाऱ्या हमालानं मान खाली घातली.

"कांदा विकायचा! माझ्या नाकात घालायचा नाही! चमचा जेवायला, किल्ल्या कुलपाला! मला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली रिकामं पोतं ठेवायचं, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेलं तर दवाखान्याची गाडी. बाकी गप्प उभं राहायचं. जमेल?"

मागून एक व्यापारी ओरडला, "आनि चप्पल?"

"तुझी चप्पल तू पायातच ठेव! ती हुंगली तर धडधाकट माणूस पडेल!"

बाजार हसला. पण या वेळी मी उभा होतो, त्यामुळे मलाही हसता आलं. तरी एकानं कुरकुर केलीच, की अपशकुन आहे, पहिल्या ट्रॉलीला नको. तेवढ्यात पहिल्या ट्रॉलीच्या मडगार्डवरून आवाज आला. कापडण्याची तीच बाई. पदर कानांमागे.

"माल मना शे. यालेच पुकारू द्या. मागे यानं घाई करी. आते करनार नही."

मी पुकारलं. बोली लागली, चढली, रेंगाळली, पुन्हा चढली. एका जागी येऊन थांबली. "एकवार." पाठीवर आबांचा हात. "दोनवार." आणि मग मी थांबलो. सव्वीस वर्षांत इतका कधी थांबलो नव्हतो. व्यापारी एकमेकांकडे बघायला लागले. शेठजींचा चेहरा कांद्याच्या पापुद्र्यासारखा झाला. त्यांना वाटलं, शब्द अडकला. आबांच्या बोटांनी सदरा घट्ट धरला. अडकला नव्हता. मी धरून ठेवला होता. कोपऱ्यातल्या एकाची मान हलली, बोली वर गेली. त्याच्यावर दुसरा गेला, दुसऱ्यावर तिसरा. मग खरंच सगळं संपलं, आणि मी म्हणालो, "तीनवार!"

लळिंगची कबुतरं उडाली. त्यांतली दोन अजून परत आलेली नाहीत.

ती बाई मान हलवून ट्रॅक्टरवर चढली. त्या दिवशी मी शेवटच्या ट्रॉलीपर्यंत पुकारलं, मग घाम पुसत, छाती काढून शेठजींसमोर गेलो. म्हटलं आता मिठी मारतील, निदान डोळे तरी भरून येतील. "मग शेठजी? कसं काय?"

शेठजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत नाकावर ठेवला.

"उद्या लवकर ये," ते म्हणाले. "लसूण बी शे."